घराभोवतीचे वाफे : कापड, खडी की पाचोळा?

शर्टिंग, सूटिंग, अस्तर, चादरी, परद्याचे कापड हे सर्व विकण्यात आमची उमर गेली. जमिनीला पांघरायचे कापडही एक दिवस तागे उलगडून दाखवावे लागेल, असे मात्र कधी वाटले नव्हते. गेल्या काही वर्षांत या मालाची विचारणा एकसारखी वाढत आहे. कोणी त्याला वीड मॅट म्हणतो, कोणी ग्राउंड कव्हर, कोणी लँडस्केप फॅब्रिक, आणि गावाकडचा ग्राहक सरळ 'तणाचे कापड' म्हणून मागतो.

ही मागणी शेतकऱ्यांकडून येते तशीच ती घरबांधणी करणाऱ्यांकडूनही येते. कोकणातील खेड, दापोली, मंडणगड, म्हसळा, श्रीवर्धन या तालुक्यांत आखाती देशांतील कमाईवर उभी राहिलेली हजारो घरे आहेत. घरातील कर्ती माणसे कुवेत, दुबई, मस्कत येथे, आणि घरात वृद्ध आईवडील. कित्येक बंगले तर वर्षातील दहा महिने कुलूपबंद. बांधताना हौसेने चारी बाजूंना वाफे काढले जातात, जास्वंद, मोगरा, क्रोटन लावले जातात. जून उजाडला की त्याच वाफ्यांत टाकळा, केना, हरळी, लव्हाळा असा माजतो की गणेशचतुर्थीच्या सुमारास कंपाउंडच्या भिंतीपलीकडून घराचा दरवाजा दिसत नाही. गडी मिळत नाही, मिळाला तर एक दिवसाची मजुरी देऊन पंधरा दिवसांत तण पुन्हा तेवढेच. मग परदेशातून फोन येतो, "चाचा, असं काहीतरी द्या की पाच वर्षं बघायला नको."

असा माल बाजारात नाही, हे आम्ही प्रत्येकाला विक्रीच्या आधी सांगतो. देखभाल कमी करता येते, संपवता येत नाही. कोणते आवरण कोठे घालावे याचा हिशेब बरोबर जमला तर वर्षातून दोन दिवसांचे काम उरते. हिशेब चुकला तर पैसे जातातच, शिवाय भिंतीला ओल येते, विहिरीत मुरणारे पाणी रस्त्यावर जाते आणि दोन वर्षांनी ते आवरण खरवडून काढायला मजूर लावावे लागतात ते वेगळेच. म्हणून आपल्या धंद्याच्या बाजूने आणि ग्राहकाच्या बाजूने, दोन्हीकडून हा विषय मांडावा असे वाटले.

आमच्या अनुभवाचे सार एका वाक्यात सांगता येईल : न कुजणारे कापड न कुजणाऱ्या वस्तूखाली घालावे, आणि जेथे कुजणारे आवरण घालायचे तेथे कापड घालूच नये. बाजारात नेमके याच्या उलट चालते. कापड अंथरायचे आणि वर शोभेला लाकडाचा भुसा, नारळाच्या सोडणाचे तुकडे किंवा पाचोळा टाकायचा, असा सल्ला सर्रास दिला जातो. पहिले वर्ष ते फार सुंदर दिसते. दुसऱ्या पावसाळ्यात वरचे आवरण कुजून त्याची काळी माती होते. तण खालून येण्याची गरजच उरत नाही. वाऱ्याने, पाखरांच्या विष्ठेतून आलेले बी त्या वरच्या मातीत उगवते, त्याची मुळे कापडाच्या विणीत शिरतात, आणि तण उपटायला जावे तर कापड फाटून हातात येते. कापडाखालच्या मातीला मात्र त्या कुजलेल्या खताचा कण मिळत नाही. ती आवळून घट्ट होते, गांडुळे निघून जातात. म्हणजे पैसे दोनदा खर्च केले आणि झाडही उपाशी राहिले.

कापडाची पारख

आता कापडाविषयी. चांगले ग्राउंड कव्हर म्हणजे पॉलिप्रॉपिलीनच्या चपट्या पट्टीचे विणलेले कापड. सिमेंटच्या किंवा साखरेच्या गोणीचे जे कापड असते, त्याच जातीचे. फरक दोन गोष्टींचा. पहिला, गोणीपेक्षा ते वजनदार व घट्ट विणलेले असते. दुसरा आणि मोठा फरक उन्हाचा. साधी सिमेंटची गोणी गच्चीवर दोन-तीन महिने उन्हात पडली की हात लावताच तिचे तुकडे पडतात, हे प्रत्येकाने पाहिले आहे. उन्हातील अतिनील किरण पॉलिप्रॉपिलीनचा धागा मोडून टाकतात. ग्राउंड कव्हरच्या मालात ते रोखणारे रसायन आणि काजळी मिसळलेली असते, म्हणून हा माल बहुधा काळा असतो. काळ्या रंगाचा दुसरा फायदा असा की खाली उजेड पोहोचत नाही आणि उजेडावाचून तण तग धरत नाही. मात्र कापड काळे दिसते म्हणून त्यात रसायन आहेच असे समजू नये. हे डोळ्यांनी ओळखता येत नाही. कारखान्याची मुदतीची हमी बिलावर लिहून मिळते का, एवढेच विचारावे. भारतीय मानक ब्यूरोने विणलेल्या ग्राउंड कव्हरसाठी मानक ठरवून दिलेले आहे. ठोक खरेदी करणाऱ्या दुकानदार बांधवांनी तेही विचारावे.

जे डोळ्यांनी आणि हातांनी कळते ते मात्र ग्राहकाने स्वतः पाहावे. या मालाचा भाव जीएसएमवर ठरतो, म्हणजे एका चौरस मीटरचे वजन किती ग्रॅम यावर. घराच्या वाफ्यासाठी शंभर ते एकशे तीस जीएसएमचा माल योग्य. नव्वदपर्यंत खडीखाली चालून जातो. त्याखालचा माल नर्सरीत हंगामापुरता ठीक. आता लेबलावर शंभर छापलेले असते आणि आत ऐंशी निघतो, हा प्रकार आमच्या बाजाराला नवा नाही. याची तपासणी अगदी सोपी आहे. दोन मीटर पन्ह्याचा शंभर मीटर तागा म्हणजे दोनशे चौरस मीटर. शंभर जीएसएमने त्याचे वजन वीस किलो भरले पाहिजे, आणि तेही आतील पुठ्ठ्याची नळी वजा करून. काट्यावर सोळा किलो आले तर माल ऐंशीचा आहे. अख्खा तागा घ्यायचा नसेल तर अर्धा मीटर लांब, अर्धा मीटर रुंद तुकडा कापून सोनाराच्या काट्यावर तोलावा. जे ग्रॅम येतील त्यांना चारने गुणले की जीएसएम हाती आला. पंचवीस ग्रॅम भरले तर माल खरा.

दुसरी तपासणी उजेडाची. कापड भरदुपारी सूर्यासमोर धरावे. सुईच्या टोकाएवढे ठिपके दिसले तर हरकत नाही, पाणी जायला तेवढी वाट हवीच. पलीकडच्या हाताची बोटे मोजता आली तर ते कापड तणासाठी निकामी समजावे. तिसरी तपासणी तोंडाची. कापड ओठांवर ताणून जोराने फुंकावे. हवा पलीकडे गेली तर पाणीही जाईल. गेली नाही तर त्या मालावर लॅमिनेशन आहे. ती ताडपत्रीची जात झाली, ग्राउंड कव्हर नव्हे. दुकानात दोन्ही माल एकाच मांडणीवर, एकाच काळ्या रंगात ठेवलेले असतात आणि नोकर पोराला फरक ठाऊक नसतो, त्यामुळे फुंकर मारायला लाजू नये. आणखी एक कापडवाल्याची युक्ती : पॉलिप्रॉपिलीन पाण्यापेक्षा हलके असते, त्याचा तुकडा बुडवून सोडला तरी वर येतो. पॉलिएस्टर तळाशी जातो. फेरवापराच्या मिश्र धाग्याचा माल 'अव्वल' म्हणून दाखवला जात असेल तर पाण्याच्या ग्लासात पुष्कळदा उघडा पडतो.

विणलेल्याखेरीज न विणलेला मालही येतो. त्याचे दोन प्रकार. एक पातळ, दुकानातून मिळणाऱ्या नॉनवोव्हन पिशवीसारखा. हा वाफ्यात घालू नये, खुरप्याच्या एका टोकाने फाटतो. दुसरा जाड, सुयांनी ठोकून बनवलेला, हाताला नमद्यासारखा लागणारा. रस्त्याच्या आणि गटारीच्या कामात तो भूवस्त्र म्हणून वापरतात. पाणी त्यातून फार चांगले जाते आणि खडी व माती यांना वेगळे ठेवण्यात त्याचा हात कोणी धरत नाही. परंतु वर माती साचली तर तणाची मुळे त्यात विणीच्या कापडापेक्षा अधिक रुततात. त्यामुळे तो जाड खडीखाली, चालण्याच्या वाटेवर वापरावा, झाडांच्या वाफ्यात नको.

काय घालू नये

हिरवी शेडनेट हे जमिनीचे कापड नाही. पन्नास टक्के, पंचाहत्तर टक्के असे जे आकडे तिच्यावर असतात ते सावलीचे असतात, म्हणजे उरलेला उजेड खाली जातोच. हरळी त्यातून आरामात वर येते आणि जाळीत अशी गुंतते की जाळी आणि गवत दोन्ही कोयत्याने कापावे लागते.

निवडणुकीनंतर फुकट मिळणारे फ्लेक्सचे फलक अंथरण्याची फॅशन गावोगावी निघाली आहे. त्यातून पाण्याचा थेंब मुरत नाही. काळा प्लास्टिकचा कागदही तसाच. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीच्या गादीवाफ्यांवर तो दिसतो म्हणून लोक घरी आणतात. परंतु तेथे खाली ठिबकची नळी असते, पीक एका हंगामाचे असते आणि नंतर कागद काढून टाकतात. बारमाही झाडाच्या बुडाशी तो वर्षानुवर्षे ठेवणे म्हणजे मुळांचा श्वास कोंडणे. शिवाय लव्हाळ्याचा कोंब सुईसारखा टोकदार असतो, तो पातळ कागद भोसकून वर येतो.

खेड तालुक्यातील आमच्या एका ग्राहकाच्या घरी ठेकेदाराने घराच्या चारी बाजूंना, जोत्याला लागून तीन फूट रुंदीत ताडपत्री अंथरली आणि वर पांढरे गोटे पसरले. मालक परदेशी, फोनवर पाठवलेले फोटो पाहून खूश. पहिल्या पावसातच छपराचे पाणी त्या ताडपत्रीवर पडून मुरेना. उतार थोडा घराकडेच होता, पाणी जोत्याच्या बाजूने साचून राहिले. ऑगस्टपर्यंत मागच्या खोलीच्या भिंतीवर गुडघ्याएवढी ओल चढली. गोट्यांमध्ये माती बसून त्यावर असे शेवाळ आले की घरातील वृद्ध आई दोनदा घसरली. सुदैवाने हाड मोडले नाही. गोटे उचलून, धुऊन, ताडपत्री काढून पुन्हा बसवायला मूळ कामाइतकाच खर्च आला. रत्नागिरी जिल्ह्यात पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या वर पाणी पडते. ते कोठे तरी जाणार, आणि तुम्ही जमिनीत वाट ठेवली नाही तर ते घरात वाट शोधणार.

खडीचा हिशेब

कापडावर घालायची वस्तू म्हणजे खडी किंवा गोटे. कोकणातील उतरत्या छपराच्या घराला पागोळ्या जेथे पडतात ती रेघ प्रथम पाहावी. तेथे पाचोळा टिकत नाही, उघड्या मातीचा चिखल उडून भिंत रंगते. त्या रेघेच्या दोन्ही बाजूंना मिळून दोन फूट पट्टा कापड आणि खडीचा करावा. हा पट्टा करण्यापूर्वी उतार घरापासून बाहेरच्या दिशेने आहे याची पाण्याची पातळी लावून खात्री करून घ्यावी.

समजा घर तीस फूट लांब, वीस फूट रुंद आहे. चारी बाजूंचा दोन फुटी पट्टा कोपरे धरून सुमारे दोनशे सोळा चौरस फूट होतो. दोन इंच जाडीने छत्तीस घनफूट खडी लागेल. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट, तेव्हा तिसऱ्या हिश्शाहून किंचित जास्त. तीन इंच जाडीने अर्ध्या ब्रासच्या वर. दोन इंचांपेक्षा कमी घालू नये, ऊन कापडापर्यंत पोहोचते आणि सगळा खर्च ज्या मजबुतीसाठी केला तीच जाते. वीस मिलिमीटरची साधी काळी खडी सर्वांत किफायतशीर आणि पायाखाली स्थिर. गुळगुळीत गोटे महाग, शिवाय म्हाताऱ्या माणसाचा पाय त्यावरून सरकतो. जांभ्याचे तुकडे रंगाला फार शोभतात, पण मऊ चिऱ्याचे तुकडे दोन पावसांत झिजून लाल भुगा होतो आणि त्या भुग्यात तण उगवते. घालायचेच तर कठीण कातळाचे निवडून घालावेत.

कापडाचा हिशेब असा : दोन मीटर पन्ह्याचे बारा मीटर कापड उभे तीन भागांत कापले तर सव्वादोन फुटांच्या आतबाहेर रुंदीच्या पट्ट्या मिळून छत्तीस मीटर लांबी होते, आणि या घराला ती पुरते. चोवीस चौरस मीटर माल. दुकानदार शंभर मीटरचा तागा गळ्यात मारत असेल तर मारू देऊ नये. कापलेल्या कडेचे धागे सुटतात, तेव्हा जळत्या मेणबत्तीवरून किंवा तापवलेल्या उलथन्याने कड वितळवून घ्यावी. ही कटकट नको असेल तर एक मीटर पन्ह्याचे मूळ काठ असलेले कापड घेऊन जादा रुंदी दोन्ही बाजूंनी खाली दुमडावी. माल जास्त लागतो, पण कड कधी उसवत नाही. आम्ही स्वतः हाच मार्ग पसंत करतो.

देशावर गणित थोडे बदलते. सोलापूरकडे पाऊस सहाशे मिलिमीटरच्या आतबाहेर, आणि माती काळी. काळ्या मातीवर नुसती खडी पसरली तर पहिल्याच पावसाळ्यात ती गिळंकृत होते. तेथे खडीखाली कापड हवेच, आणि तेही जाड. उन्हाळ्यात काळी माती भेगाळते, कापड ताणून ठोकले असेल तर फाटते, म्हणून तेथे ते किंचित सैल अंथरावे. तसेच मराठवाड्याच्या किंवा विदर्भाच्या मे महिन्यात दगड एवढा तापतो की त्यातील नाजूक झाड होरपळून जाते. तेथे खडी वाटेला आणि भिंतीलगत ठेवावी, झाडाच्या बुडाशी नको.

मोठ्या दगडांचे ढीग शोभेसाठी रचण्याचीही आवड असते. रत्नागिरीच्या कातळावर राहणाऱ्यांना सांगायला नको, दगडाखाली फुरसे बसते. जेथे लहान मुले खेळतात तेथे पोकळी राहील असे दगड नकोतच.

झाडांचा वाफा

झाडांच्या खास वाफ्यात आम्ही कापड विकत नाही, पाचोळा घाला म्हणून सांगतो. दुकानाचे नुकसान होते खरे, पण तो ग्राहक दुसऱ्या वर्षी परत येतो. आंबा, काजू, फणस यांचा पाला कोकणात फुकट पडतो आणि लोक त्याच्यावर काडी ओढतात. तोच चार इंच जाडीने पसरला तर उजेड अडतो, माती ओली राहते आणि हळूहळू त्याचे खत होते. पहिल्या पावसात तो दबून निम्मा होतो, म्हणून गणपतीनंतर एकदा आणि दिवाळीनंतर एकदा भर घालावी. एवढीच काय ती देखभाल. कोल्हापूर-सांगलीकडे हेच काम उसाचे पाचट करते, भाताच्या भागात पेंढा. पेंढ्यात भाताचे, नाचणीचे दाणे राहिले असतील तर तेच उगवतात, झोडून घ्यावा. भाताचे तूस एकटे वापरले तर वाऱ्याने उडते आणि पावसाने वाहते, पाल्याखाली ठीक.

नारळाची सोडणे सर्वांत टिकाऊ. ती पालथी मांडावीत, उताणी ठेवली तर पाणी साचून डास होतात. सुताराकडील भुसा वर पसरायला हरकत नाही, मातीत मिसळू मात्र नये. कुजताना तो मातीतील नत्र खेचून घेतो आणि पाने पिवळी पडतात.

या सर्व कुजणाऱ्या मालाचा एकच मोठा धोका, तो म्हणजे वाळवी. पाचोळा, भुसा, पेंढा जोत्याला टेकवून ठेवू नये. दीड-दोन फूट अंतर हवे, आणि ते अंतर म्हणजेच वर सांगितलेला खडीचा पट्टा. खडीच्या पट्ट्यावरून वाळवीचे मातीचे बोगदे भिंतीकडे जाताना चटकन दिसतात, पाचोळ्याखाली दिसत नाहीत. दुसरी खबरदारी, झाडाच्या खोडापासून एक वीत जागा मोकळी ठेवावी. नाहीतर साल कुजते.

उतारावरच्या वाफ्यांसाठी काथ्याचे जाळीदार कापड हा उत्तम माल आहे. डोंगर कापून बांधलेल्या घरांच्या मागे लाल मातीची कच्ची दरड असते. तिच्यावर पाचोळा थांबत नाही आणि काळे कापड विद्रूप दिसते. काथ्याची जाळी मातीला धरून ठेवते, तिच्या घरांमधून वाळ्याची किंवा लेमनग्रासची रोपे लावता येतात. काथ्यात लिग्निन भरपूर, म्हणून तो ओल्या मातीतही काही वर्षे टिकतो. तोपर्यंत झाडांची मुळे माती पकडतात आणि जाळी तेथेच कुजून जाते, काढायचा खर्च नाही. तागाचे गोणपाट स्वस्त आणि पाणी धरून ठेवणारे, पण कोकणच्या पावसात एका हंगामाचे सोबती. नव्या रोपांना पहिले वर्ष आधार म्हणून ते उत्तम. जुनी गोणपाटे घेताना ती खरोखर तागाची आहेत का पाहावे. एक धागा पेटवला की ताग कागदासारखा जळून राख होतो, प्लास्टिकचा धागा वितळून काळा मणी बनतो.

काही लोक विचारतात की जमिनीवर पसरणारी रोपेच का लावू नयेत. जरूर लावावीत, पण पिवळ्या फुलांच्या वेडेलियापासून दूर राहावे. नर्सरीवाला ती आग्रहाने देतो, कारण ती मरत नाही. दोन वर्षांत ती शेजाऱ्याच्या परसात आणि तिसऱ्या वर्षी ओढ्यात असते.

अंथरण्याची पद्धत

कापड कसेही चांगले असो, खाली जिवंत तण ठेवून अंथरले तर उपयोग नाही. मे महिन्याच्या सुरुवातीला वाफ्याला आठ-दहा दिवस पाणी मारावे. दडलेले बी उगवून येते, ते खुरपून टाकावे. वेळ असेल तर एप्रिलमध्येच ओल्या वाफ्यावर पारदर्शक प्लास्टिकचा कागद कडा मातीत दाबून चार ते सहा आठवडे घट्ट ठेवावा. आतील उष्णतेने पुष्कळसे बी मरते. प्लास्टिकचा खरा उपयोग हा, आणि काम झाल्यावर तो काढून घ्यायचा असतो. लव्हाळ्याच्या खोलवरच्या गाठी मात्र याने जात नाहीत, त्या खणूनच काढाव्या लागतात.

कापड अंथरताना दोन पट्ट्या एकमेकींवर सहा इंच चढवाव्यात. तीन-तीन फुटांवर आठ इंची तारेच्या यू आकाराच्या खुंट्या ठोकाव्यात. कातळ वर असेल तर खुंटी शिरत नाही, तेथे कड दगडाने दाबावी. बाहेरची कड चार बोटे चर खणून त्यात पुरावी, नाहीतर हरळी कडेखालून शिरून पलीकडे निघते. पट्ट्यात एखादे झाड असेलच तर कापडाला फुलीसारखी चीर द्यावी आणि पाकळ्या खाली दुमडाव्यात. गोल भोक पाडले तर झाड वाढल्यावर कापड त्याच्या खोडाला फास बसवते. दर वर्षी उन्हाळ्यात ती चीर थोडी वाढवावी.

आणि वर्षातून एकदा, पावसाळ्यापूर्वी, खडीवर साचलेला पाला व धूळ खराट्याने लोटून काढावी. बंगला बंद असेल तर शेजाऱ्याला या एका दिवसाची मजुरी देऊन ठेवावी. खडीत माती साचू दिली नाही तर खालचे कापड वर्षानुवर्षे डोळ्यांनाही दिसत नाही.

काम झाल्यावर दोन-तीन मीटर कापड हटकून उरते. ते फेकू नये किंवा लाकडावर झाकायला उघड्यावर टाकू नये. गुंडाळून, गोणीत घालून, अंधाऱ्या जागी ठेवावे. चार वर्षांनी नळाची पाइप बदलताना प्लंबर पट्टा कापणारच, आणि त्या वेळी बाजारात त्याच पन्ह्याचा, त्याच विणीचा माल मिळेल याची कोणी हमी देत नाही.